विद्यावेतन मिळणाऱ्या सरकारी तांत्रिक इंटर्नशिप : पात्रता, कागदपत्रे आणि पैसे खात्यात येईपर्यंत

ताम्हण

'सरकारी इंटर्नशिप' म्हणून जी यादी व्हॉट्सॅपवर फिरते तिच्यात चार निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ असते. शिकणाऱ्यांसाठीची इंटर्नशिप, पास झालेल्यांसाठीची अप्रेंटिसशिप, बेरोजगारांसाठीच्या प्रशिक्षण योजना आणि विनामोबदला प्रकल्पकाम. मुलं चुकीच्या रांगेत उभी राहतात आणि अर्ज बाद झाला की आपले गुण कमी पडले असं समजून गप्प बसतात. पुष्कळदा गुणांचा तिथे काही संबंधच नसतो.

म्हणून फॉर्म उघडण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. अर्जाच्या दिवशी तुम्ही कागदोपत्री विद्यार्थी आहात की उत्तीर्ण?

विद्यार्थी असाल तर

केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची डिजिटल इंडिया इंटर्नशिप. महिना १०,००० रुपये, मुदत २ महिने, विभागप्रमुखांनी मान्य केलं तर आणखी १ महिना. शेवटच्या उत्तीर्ण परीक्षेत किमान ६० टक्के लागतात. लॅपटॉप स्वतःचा न्यायचा. बसायला जागा आणि इंटरनेट तिथे मिळतं, राहण्याची सोय मिळत नाही. मंत्रालय दिल्लीत, लोधी रोडच्या सीजीओ संकुलातल्या इलेक्ट्रॉनिक्स निकेतनमध्ये आहे. जवळचं मेट्रो स्टेशन जवाहरलाल नेहरू स्टेडियम.

डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन आणि विकास संस्था) काही प्रयोगशाळा विद्यावेतनासह इंटर्नशिप देतात. नेहमीचा नमुना असा: ६ महिने, महिना ५,००० रुपये, म्हणजे एकूण ३०,०००. पण हे पैसे दर महिन्याला येत नाहीत. तीन महिन्यांनी अर्धे आणि शेवटी अर्धे. महिन्यात किमान १५ दिवस हजेरी लागते. जाहिरात प्रत्येक प्रयोगशाळा स्वतंत्र काढते, त्यामुळे 'डीआरडीओचा फॉर्म कधी निघणार' या प्रश्नाला एक उत्तर नाही. महाराष्ट्रात पाषाणची एआरडीई, सुतारवाडीची एचईएमआरएल, दिघीची आर अँड डीई, अहिल्यानगरची व्हीआरडीई आणि अंबरनाथची एनएमआरएल या प्रयोगशाळा आहेत. त्यांच्या जाहिराती स्वतंत्रपणे पाहत राहायला हवं. सगळ्याच प्रयोगशाळा विद्यावेतन देतात असं धरून चालू नका, जाहिरातीत 'स्टायपेंड' हा शब्द शोधा.

उत्तीर्ण असाल तर

अप्रेंटिसशिप, पंतप्रधान इंटर्नशिप योजना, आणि महाराष्ट्रात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. यांचे नियम वेगळे आहेत. जाणकारांनी खाली भर घालावी.

पैसे न देणाऱ्या पण नावाजलेल्या जागा

नीती आयोगाची इंटर्नशिप विनामोबदला आहे. दर महिन्याच्या १ ते १० तारखेला अर्ज घेतात, मुदत ६ आठवडे ते ६ महिने. पदवीच्या विद्यार्थ्यांना बारावीत ८५ टक्के लागतात, ही अट वाचायची राहून जाते. इस्रोची विद्यार्थी इंटर्नशिप जास्तीत जास्त ४५ दिवसांची. तिलाही विद्यावेतन नाही.

शिकण्याच्या दृष्टीने या जागा उत्तमच आहेत. पण ज्या घरातून महिन्याला पैसे पाठवणं जमणार नाही, त्या मुलाने हे आधी कळल्याशिवाय दिल्ली-बंगळूरचं तिकीट काढू नये, एवढ्याचसाठी हा धागा.

---

बाभूळबन

उत्तीर्णांसाठीची भर घालतो.

अप्रेंटिसशिप १९६१च्या अप्रेंटिसेस अॅक्टखाली चालते. ती करारावर असते आणि करार पोर्टलवर नोंदवावा लागतो. २०१९च्या दुरुस्तीप्रमाणे पदवीधरांना महिन्याला किमान ९,००० आणि पदविकाधारकांना किमान ८,००० रुपये ठरले. पदवी-पदविकेच्या अप्रेंटिसशिपचं पश्चिम विभागाचं काम मुंबईत शीवला असलेल्या बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगकडून चालतं. महाराष्ट्राबरोबर गोवा आणि गुजरातही त्यांच्याकडेच. सरकारी उपक्रमांत संगणक, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशनच्या जागा याच मार्गाने भरतात.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ची. बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवी आणि पुढे १०,००० रुपये. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा अधिवास, आणि शिक्षण चालू असलेले अपात्र. सुरुवातीला मुदत ६ महिने होती, पुढे ५ महिन्यांनी वाढवली. शासकीय कार्यालयांत डेटा भरणं, ऑनलाइन सेवा, संगणक कक्ष अशी कामं मिळतात. याला तांत्रिक म्हणावं की नाही हे त्या कार्यालयावर अवलंबून.

पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचं पोर्टल ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झालं. सुरुवातीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वय २१ ते २४, मुदत १२ महिने, महिन्याला ५,००० रुपये. त्यातले ५०० कंपनी देते आणि ४,५०० केंद्र थेट खात्यात भरतं. रुजू होताना एकदाच ६,०००. पूर्ण वेळ शिकणारे अपात्र, ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने शिकणारे चालतात. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांवर असेल किंवा घरात कायम सरकारी नोकर असेल तरी अपात्र. प्रत्येक फेरीला सूचना नव्याने वाचा, कारण वय आणि रकमेच्या अटी बदलू शकतात.

यात एक फास आहे. ज्यांनी अप्रेंटिसशिप पूर्ण केली आहे ते पंतप्रधान इंटर्नशिपला अपात्र ठरतात. म्हणजे क्रम महत्त्वाचा. हाताशी आलेली अप्रेंटिसशिप सोडा असं मी म्हणणार नाही, ९,००० हे ५,०००पेक्षा जास्तच आहेत. पण आधी अप्रेंटिसशिप आणि मग पंतप्रधान इंटर्नशिप असा बेत असेल तर तो जमणार नाही.

---

चौथी सीट

प्रश्न : शेवटच्या सत्राची परीक्षा झाली आहे, निकाल यायचा आहे. अशी व्यक्ती विद्यार्थी की उत्तीर्ण?

---

ताम्हण

चौथी सीट, सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात.

निकाल जाहीर होईपर्यंत कॉलेज बोनाफाइड (विद्यार्थी असल्याचा दाखला) देऊ शकतं, पण त्यावर 'अंतिम सत्राची परीक्षा दिली, निकाल प्रलंबित' असं लिहून घ्या. इंटर्नशिपच्या जाहिरातीत 'सध्या शिकत असलेले' असं असेल तर इंटर्नशिप संपण्याच्या तारखेपर्यंत तुम्ही विद्यार्थी राहणार आहात का हे ते कार्यालय बघतं. जूनमध्ये निकाल आणि जुलैअखेरपर्यंत इंटर्नशिप अशी स्थिती असेल तर आधी ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवर मिळालेला होकार फाइलला लागत नाही.

उत्तीर्णांच्या योजनांत उलटं. तिथे निकालाची प्रत किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र लागतं, 'परीक्षा दिली आहे' हे पुरत नाही. त्यामुळे मे ते जुलै या काळात खूप मुलं दोन्हीकडून बाहेर राहतात. ज्याला इंटर्नशिप हवी आहे त्याने ती सहाव्या किंवा सातव्या सत्राच्या सुट्टीत उरकावी, शेवटच्या सुट्टीवर ठेवू नये.

---

पोफळी

अर्जाला लागणाऱ्या एनओसीबद्दल, म्हणजे कॉलेजच्या ना-हरकत पत्राबद्दल, सविस्तर लिहिते. कॉलेजच्या कार्यालयात जो छापील नमुना असतो त्यावर 'सदर विद्यार्थ्यास इंटर्नशिप करण्यास हरकत नाही' एवढंच असतं. ते अपुरं आहे. पत्रात पुढच्या गोष्टी असल्याच पाहिजेत :

- विद्यार्थ्याचं नाव, आधारवर आहे तसंच
- शाखा, वर्ष, सत्र, कायम नोंदणी क्रमांक
- इंटर्नशिपची पासून-पर्यंत तारीख. '२ महिने' असं मोघम नको
- त्या काळात तास, प्रात्यक्षिकं किंवा परीक्षा नाहीत, किंवा असल्यास सूट दिली आहे
- आतापर्यंतचे गुण आणि कोणताही विषय शिल्लक नाही याचा उल्लेख
- जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का, प्राचार्य किंवा टीपीओची (प्रशिक्षण व नोकरी अधिकारी) सही आणि कार्यालयाचा दूरध्वनी

जावक क्रमांक नसलेलं पत्र परत आलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. सरकारी कार्यालयात जावक क्रमांकाशिवायचं पत्र म्हणजे कुणी लिहिलं याचा पत्ता नसलेलं पत्र.

नावाचा घोळ आपल्याकडे खास आहे. महाराष्ट्रात गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर बहुधा स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. तीन ठिकाणी तीन नावं. ऑनलाइन अर्जात आधारप्रमाणे नाव घाला आणि गुणपत्रिकेवरच्या क्रमाबद्दल एनओसीत एक ओळ घालून घ्या : 'गुणपत्रिकेवरील अमुक आणि आधारवरील अमुक ही एकच व्यक्ती आहे.' या एका ओळीने प्रतिज्ञापत्राचा खर्च वाचू शकतो. स्पेलिंगच वेगळं असेल तर मात्र आधी आधार दुरुस्त करा, ते पत्राने निभत नाही.

केटी (शिल्लक राहिलेला विषय) असेल तर ती लपवू नका. पुनर्मूल्यांकनाचा निकाल यायचा असेल तर पावती जोडा.

---

मंद्रसप्तक

टक्केवारीबद्दल. सीजीपीएला (सगळ्या सत्रांची १०पैकी सरासरी श्रेणी) ९.५ ने गुणून टक्के काढायची सवय घातक आहे. ते सूत्र सीबीएसईच्या दहावीसाठी होतं. पदवीच्या सीजीपीएसाठी एआयसीटीईचं (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) कोष्टक वेगळं आहे : ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५. थोडक्यात सीजीपीएतून ०.७५ वजा करा आणि १० ने गुणा.

समजा सीजीपीए ६.५ आहे. ९.५ ने गुणलं तर ६१.७५ येतात, पात्र. एआयसीटीईच्या कोष्टकाने ५७.५, अपात्र. विद्यार्थी एकच, गुण तेच.

---

दर्यावर्दी

मंद्रसप्तक, बरोबर, पण एक जोड. इस्रोची अट '६० टक्के किंवा १०पैकी ६.३२ सीजीपीए' अशी आहे. ६० भागिले ९.५ करून पाहा, ६.३२च येतात. म्हणजे इस्रो स्वतः ९.५चं गणित मानते. ज्या जाहिरातीत सीजीपीएचा आकडा दिला आहे तिथे रूपांतर करायचंच नाही, सीजीपीए तसाच लिहायचा.

---

मंद्रसप्तक

मान्य. मग नियम असा करू : जाहिरातीत सीजीपीए दिला असेल तर सीजीपीए. फक्त टक्के मागितले असतील तर आपल्या विद्यापीठाचं सूत्र, आणि ते सूत्र छापलेलं विद्यापीठाचं पत्र किंवा गुणपत्रिकेची मागची बाजू स्कॅन करून जोडायची. बरेच जण गुणपत्रिकेची फक्त पुढची बाजू स्कॅन करतात. सूत्र असतं मागे.

थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या पदविकावाल्यांनी लक्षात ठेवा : 'शेवटची उत्तीर्ण परीक्षा' म्हणजे तुमच्या बाबतीत पदविका. अर्जात बारावीचा रकाना सक्तीचा असेल तर तिथे दहावीचे गुण लिहू नका. पदविकेचे टक्के लिहा आणि शेऱ्यात 'बारावीऐवजी पदविका' असं नमूद करा. सत्र १ आणि २ च्या गुणपत्रिका तुमच्याकडे नसतातच, त्या जागी पदविकेच्या शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका जोडा. नीती आयोगाप्रमाणे जिथे बारावीच्या टक्क्यांवरच पात्रता आहे, तिथे अर्जाआधी ईमेलने विचारून घ्या.

---

ओलांडा

निवड झाल्यावर पोलीस पडताळणी मागितली आहे. वसतिगृहात राहणाऱ्यांनी कुठल्या ठाण्याची आणायची?

---

पोफळी

प्रयोगशाळेने दिलेला नमुना आधी वाचा. संरक्षण संस्थांत बहुधा दोन्ही पत्ते मागतात, कायमचा आणि सध्याचा. सध्याचा पत्ता आधारवर नसेल तर वसतिगृहाच्या अधीक्षकांचं रहिवासाचं पत्र लागेल. महाराष्ट्रात चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण पुढे ठाण्यात बोलावणं येतं. त्या दिवशी मूळ आधार, बोनाफाइड आणि निवडपत्राची प्रत जवळ हवी. सगळं मिळून पंधरा दिवस ते महिना धरून चाला. रुजू व्हायच्या आठवडाभर आधी अर्ज केला तर तारीख हुकते, आणि प्रयोगशाळा त्यासाठी थांबत नाही.

---

बाभूळबन

संरक्षण प्रयोगशाळांबद्दल आणखी एक अडचण कुणी सांगत नाही. तिथे स्मार्टफोन, पेन ड्राइव्ह आत नेता येत नाही. केलेलं काम बाहेर नेता येत नाही. कॉलेजला मात्र आठव्या सत्रात कोड, आकडेवारी, छायाचित्रं असलेला प्रकल्प अहवाल हवा असतो. यावर उपाय एकच : पहिल्याच आठवड्यात तिथल्या मार्गदर्शकांना विचारून अहवालात काय चालेल ते ठरवून घ्यायचं, आणि अहवालाचा मसुदा कॉलेजच्या मुदतीआधी किमान महिनाभर त्यांच्याकडे तपासणीला द्यायचा. तपासणी होऊन, मंजुरीची सही होऊनच तो बाहेर येतो. कॉलेजच्या मार्गदर्शकांनाही जानेवारीतच कल्पना द्या की अहवालात प्रणालीची सर्वसाधारण मांडणी असेल, प्रत्यक्ष मापं नसतील.

आणि १५ दिवसांच्या हजेरीचं गणित परीक्षेच्या महिन्यात बिघडतं. मे महिन्यात साधारण २१-२२ कामाचे दिवस. परीक्षा आणि अभ्यासासाठी ८ दिवस रजा घेतली तर १३-१४ उरले, म्हणजे अट मोडली. त्यामुळे विद्यापीठाचं वेळापत्रक आल्याबरोबर त्या महिन्याचे दिवस मोजा आणि गरज असेल तर परवानगी आधीच लेखी मागा.

---

चौथी सीट

६ महिने, ५,००० रुपये, तेही तीन-तीन महिन्यांनी. खासगी कंपनीत यापेक्षा बरे पैसे मिळतात. मग कशासाठी?

---

बाभूळबन

पैशासाठीच करायची असेल तर करू नये, हे स्पष्ट सांगतो. पण रडार, नियंत्रण प्रणाली, स्फोटकांचं रसायनशास्त्र, समुद्री लेप या विषयांची यंत्रसामग्री महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत नाही. तिथे सहा महिने माणसांबरोबर बसून चाचणी कशी घेतात हे बघायला मिळणं याचं मोल वेगळं. एम.टेक किंवा संशोधनाकडे जाणाऱ्याने घ्यावी. वेबसाइट बनवायला शिकायचं असेल त्याने घेऊ नये.

---

ताम्हण

मला मात्र रकमेबद्दल बोलायला हवं असं वाटतं. पुण्यातल्याच मुलाला ५,००० पुरतील, कारण तो घरून डबा नेतो. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाला त्याच पैशांत पुण्यात खोली आणि खाणावळ भागत नाही. त्यात पहिला हप्ता तीन महिन्यांनी. जागा गुणवत्तेवर भरल्या जात असल्या तरी घेऊ कोण शकतो हे घराच्या अंतरावर ठरतं. विद्यावेतन दर महिन्याला दिलं तरी निम्मा प्रश्न सुटेल, रक्कम न वाढवता.

दिल्लीच्या १०,०००बाबतही तेच. महिना संपल्यावर हजेरी जाते, मग बिल होतं. दोन महिन्यांची खोली, अनामत आणि जेवण एवढे पैसे हातात असल्याशिवाय निघू नका.

---

मंद्रसप्तक

पैसे खात्यात कसे येतात आणि कुठे अडकतात ते लिहितो, कारण या भागावर सगळ्यात जास्त चुकीची माहिती आहे.

वाट अशी : मार्गदर्शक अधिकारी महिन्याची हजेरी आणि समाधानकारक कामाचा दाखला देतो. तो प्रशासन शाखेकडे जातो. आहरण व संवितरण अधिकारी बिल तयार करतो. वेतन व लेखा कार्यालय ते पास करतं. मग पीएफएमएस या सरकारी पैसे वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीतून रक्कम खात्यात पडते. पहिल्या बिलाआधी तुमचं खातं त्या प्रणालीत लाभार्थी म्हणून नोंदवावं लागतं आणि बँकेकडून पडताळून यावं लागतं. पहिले पैसे उशिरा आणि पुढचे वेळेवर येण्यामागे बहुधा हेच असतं.

पडताळणी फसण्याची नेहमीची कारणं :

जुना आयएफएससी (बँक शाखेचा कोड). पासबुकावर देना, विजया, सिंडिकेट, आंध्र, कॉर्पोरेशन, अलाहाबाद, ओरिएंटल यांपैकी बँकेचं नाव असेल तर ती बँक २०१९-२०मध्ये विलीन झालेली आहे. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली. शाखेतून नवा कोड लिहून घ्या आणि पासबुकाचं पहिलं पान नव्याने छापून घ्या.

शाळेत काढलेलं खातं. शिष्यवृत्तीसाठी अठरा वर्षांखाली काढलेलं खातं अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, खातं असतं. अठरा पूर्ण झाल्यावर नवीन केवायसी आणि सही द्यावी लागते, नाहीतर व्यवहार अडतात. शिवाय दोन वर्षं तुम्ही स्वतः काही व्यवहार केला नसेल तर खातं निष्क्रिय होतं.

छोटं खातं. तुटपुंज्या कागदपत्रांवर काढलेल्या छोट्या खात्यात एका वेळी ५०,०००पेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, महिन्याला १०,०००पेक्षा जास्त काढता येत नाहीत आणि वर्षात १ लाखाच्या वर जमा होत नाही. पूर्ण केवायसी करून ते साधं बचत खातं करून घ्या.

वडिलांबरोबरचं संयुक्त खातं. पहिलं नाव तुमचं हवं.

आता आधारबद्दल. युवा कार्य प्रशिक्षण आणि पंतप्रधान इंटर्नशिप या योजनांत पैसे डीबीटीने (थेट लाभ हस्तांतरण), आधार क्रमांकावर येतात. 'माझं खातं आधारला जोडलेलं आहे' असं सगळे म्हणतात, पण बँकेत केवायसीसाठी आधार दिलेलं असणं वेगळं आणि एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या संस्थेच्या नकाशात, म्हणजे कुठल्या आधारपुढे कुठली बँक या यादीत, तुमच्या आधारपुढे ते खातं नोंदलेलं असणं वेगळं. त्या नकाशात एका आधारपुढे एकच बँक असते, शेवटी नोंदवलेली. मोबाइलवरून झटपट डिजिटल खातं उघडताना 'सरकारी अनुदान याच खात्यात घ्या' या चौकटीत खूण केली असेल, तर पैसे गुपचूप तिकडे जातात. मुलगा मात्र जुन्या पासबुकात शोधत बसतो. माय आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा, तिथे सध्याच्या बँकेचं नाव दिसतं. मोबाइल जोडलेला असेल तर *९९*९९*१# वरही कळतं. बदलायचं असेल तर हव्या त्या शाखेत डीबीटी संमतीचा अर्ज द्या.

जानेवारी ते मार्चमध्ये काम करणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्या. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, त्या वर्षाची तरतूद तिथेच थांबते. फेब्रुवारीची हजेरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेलीच पाहिजे. राहिली तर नव्या वर्षाच्या निधीची वाट पाहावी लागते.

---

ओलांडा

छान. देना बँकेचंच पासबुक होतं. आजच शाखेत जाते.

---

दर्यावर्दी

फसवणुकीबद्दल लिहायलाच हवं.

'पेड इंटर्नशिप' या शब्दाचे दोन अर्थ बाजारात चालतात. एक, तुम्हाला पैसे मिळतात. दुसरा, तुम्ही पैसे भरता. 'सरकारमान्य इंटर्नशिप, प्रमाणपत्रासह, फक्त ४९९ रुपये' अशा जाहिराती दुसऱ्या प्रकारच्या. त्यांच्या प्रमाणपत्रावर एमएसएमईचं चिन्ह, आयएसओचा शिक्का, अशोकस्तंभासारखं काहीतरी असतं. एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग, आणि त्यांची उद्यम नोंदणी ही व्यवसायाने स्वतःच्या घोषणेवर, फुकट करायची नोंदणी आहे. शिवणकामाचं दुकानही ती करू शकतं. तिच्यामुळे कुणाचा अभ्यासक्रम सरकारमान्य होत नाही.

ओळखायच्या खुणा : संकेतस्थळाचा पत्ता गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन ने संपतो का, मधे कुठे तरी 'गव्ह' घातलं आहे हे पुरत नाही. ईमेल साध्या जीमेलवरून आला का. निवड मुलाखतीशिवाय आणि दहा मिनिटांत झाली का. 'सुरक्षा अनामत' मागितली का. ओटीपी मागितला तर तिथेच थांबा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

एआयसीटीईच्या इंटर्नशिप पोर्टलवर सरकारी कार्यालयांबरोबर खासगी कंपन्याही असतात. पोर्टल सरकारी म्हणून ती जागा सरकारी ठरत नाही. प्रत्येक जागेपुढे संस्थेचं नाव आणि विद्यावेतनाचा रकाना आहे, तो वाचा.

---

मंद्रसप्तक

एक खुलासा जोडा, नाहीतर गैरसमज होईल. काही शासकीय संशोधन संस्था विद्यार्थ्यांच्या प्रकल्प प्रशिक्षणासाठी अधिकृत शुल्क घेतात. ते फसवणूक नाही. ते संस्थेच्या संकेतस्थळावर छापलेलं असतं, संस्थेच्या खात्यात भरायचं असतं आणि पावती मिळते. व्यक्तीच्या यूपीआयवर मागितलं तर तो वेगळा प्रकार.

---

पोफळी

क्रेडिटचं कुणी लिहिलं नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) इंटर्नशिपसाठीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १ क्रेडिट म्हणजे ३० तास. ४ क्रेडिटचं कार्यप्रशिक्षण म्हणजे १२० तास, रोज ८ तास धरले तर १५ दिवस. दोन महिन्यांच्या सरकारी इंटर्नशिपमध्ये ते सहज भरतं. पण कॉलेज क्रेडिट देईल हे जाण्याआधी ठरवून घ्या. तासांची नोंदवही कॉलेजच्या नमुन्यात हवी असते आणि तिच्यावर दर आठवड्याला तिथल्या अधिकाऱ्याची सही लागते. दोन महिन्यांच्या सह्या शेवटच्या दिवशी एकदम मिळत नाहीत, अधिकारी दौऱ्यावर असतो.

---

चौथी सीट

वाणिज्य आणि अर्थशास्त्रवाल्यांसाठी काही आहे का? भाऊ एम.कॉम करतो आहे.

---

बाभूळबन

रिझर्व्ह बँकेची उन्हाळी योजना पाहायला सांगा. ती तांत्रिक नाही, पण रक्कम चांगली. पदव्युत्तर आणि पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमांसाठी, व्यवस्थापन, संख्याशास्त्र, वाणिज्य, अर्थशास्त्र, कायदा. महिना २०,००० रुपये, जास्तीत जास्त ३ महिने, वर्षाला १२५पर्यंत विद्यार्थी. अर्जाची नेहमीची मुदत १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर, काम एप्रिलपासून. शेवटच्या वर्षाच्या आधीच्या वर्षात अर्ज करायचा असतो, म्हणजे एम.कॉमच्या पहिल्या वर्षातच. उन्हाळ्यात आठवण झाली तर वर्ष गेलेलं असतं.

---

ओलांडा

शेवटचा प्रश्न. इंटर्नशिप चालू असताना कॅम्पसमध्ये नोकरी लागली आणि लवकर रुजू व्हायला सांगितलं तर मधेच सोडता येते का?

---

ताम्हण

सोडता येते, पण रुजू होताना सही केलेल्या अटी आधी वाचा. हप्त्याने विद्यावेतन असलेल्या ठिकाणी अपुऱ्या कालावधीचे पैसे आणि पूर्तता प्रमाणपत्र मिळेल असं गृहीत धरू नका. तीन महिने भरायला आठच दिवस कमी असतील तर कंपनीला रुजू तारीख आठ दिवसांनी पुढे न्यायची विनंती करा.

सोडायचंच असेल तर कॉलेज आणि मार्गदर्शक अधिकारी दोघांनाही एकाच दिवशी लेखी कळवा. तोवरच्या कामाचा दोन-तीन पानी अहवाल, तिथली कागदपत्रं आणि प्रवेशपत्र परत करा आणि प्रवेशपत्र जमा केल्याची पोच घ्या. ना-देय दाखला (तुमच्याकडे काही बाकी नाही याचा) त्या पोचीशिवाय होत नाही, आणि ना-देय दाखल्याशिवाय राहिलेलं शेवटचं बिल पुढे सरकत नाही. प्रमाणपत्राऐवजी 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम केले' एवढं पत्र मागितलं तर ते मिळायला हरकत नसते.

---

ओलांडा

कळलं, आभार. बँकेतून नवा आयएफएससी मिळाला, पासबुकाचं पान उद्या छापून देतील म्हणाले.